हळद, भिंत आणि पाण्याची रेल्वे

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली आणि नांदेड-लातूरच्या घराघरांत एक प्रश्न उभा राहिला. भाषा, इतिहास, गणित कसेबसे घरी घेता येईल. पण विज्ञानाचे काय? घरात ना परीक्षानळी, ना शिकवायला कोणी बी.एस्सी. झालेले. पुढे शाळा उघडल्या आणि बहुतेकांपुरता तो प्रश्न मिटला. काही पालक मात्र मुलांना घरीच शिकवण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतात. काही मुले आजारपणामुळे, काही आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेल्यामुळे शाळेपासून दूर राहतात. त्यांच्यासाठी तो प्रश्न अजून तसाच आहे. अकरा ते चौदा वर्षांच्या, म्हणजे सहावी ते आठवीच्या वयाच्या मुलांना घरात विज्ञान कसे शिकवायचे?

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. माझा संबंध शब्दांशी. तेव्हा सुरुवात शब्दांपासूनच करतो.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे १९१७ मध्ये भाषांतराचे एक खाते निघाले, 'दारुत्तर्जुमा' नावाचे. पाठोपाठ १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. पदार्थविज्ञान, रसायन, वैद्यक असे विषय तिथे उर्दूतून शिकवले जात. विद्यापीठापर्यंतचे शिक्षण एका भारतीय भाषेतून देण्याचा हा फार मोठा प्रयोग होता आणि त्याचे मोल कमी लेखू नये. पण नांदेडच्या किंवा लातूरच्या मराठी घरातल्या मुलाचे काय होत असेल? घरी आई म्हणायची, 'पाणी आटलं'. वरच्या वर्गात गेले, की त्यालाच 'तब्खीर' म्हणायचे. उष्णतेला 'हरारत' म्हणायचे. मूल शब्द पाठ करायचे आणि चुलीवरचे आधण त्या शब्दापासून दूरच राहायचे.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर मराठवाडा मराठी मुलखाला जोडला गेला. 'तब्खीर' गेले आणि 'बाष्पीभवन' आले. आता अडखळण्याची पाळी उर्दू बोलणाऱ्या घरातल्या मुलाची होती. पण खरे सांगायचे तर मराठी मुलाला तरी 'बाष्पीभवन' कुठे घरचे वाटते? त्याच्या घरात पाणी आटते, कपडे वाळतात, माठ पाझरतो.

गंमत अशी, की घराची भाषा शब्दांचे मूळ गाव विचारत नाही. वजन आणि हवा हे शब्द अरबीतून आले. तराजू आणि दुर्बीण फारसीतून. आज ते कुणाला परके वाटत नाहीत, कारण वस्तू हातात आली आणि तिच्याबरोबर शब्द आला. घरी विज्ञान शिकवणाऱ्याने एवढे एक सूत्र धरले तरी पुष्कळ झाले: आधी वस्तू, मग शब्द. दोरीवर ओला पंचा वाळताना पाहून झाला, एक उन्हात आणि एक सावलीत टाकून वेळ मोजून झाली, की मग म्हणावे, 'याला पुस्तकात बाष्पीभवन म्हणतात.'

हे सूत्र कुणा कवीची कल्पना नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात ते मोठ्या प्रमाणावर राबवून झाले आहे. होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत १९७२ मध्ये विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. वर्ग नेमके सहावी ते आठवीचे. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पोहोचला आणि १९८२ पासून 'एकलव्य' या संस्थेने तो सांभाळला. तिथल्या पुस्तकात उत्तरे तयार दिलेली नसत. मुलांनी गटागटाने प्रयोग करायचा, दिसले ते आपल्या शब्दांत लिहायचे आणि त्यावर वाद घालायचा. २००२ मध्ये सरकारने तो कार्यक्रम बंद केला. त्यातून तयार झालेली माणसे मात्र काम करत राहिली. पुण्यात टेल्कोमध्ये नोकरीला असलेले अभियंते अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा काढून तिथे गेले. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भूमितीच्या आकृती करण्याची त्यांची युक्ती तिथलीच. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो वैज्ञानिक खेळणी केली. शोधिकेची दारे शाळेतल्या मुलांसाठी उघडी होती, पण ती खेळणी कुठल्याही घराच्या ओसरीवर होऊ शकतात.

आता आपल्या भागातल्या घरात येऊ. नांदेड, वसमत, हिंगोली हा हळदीचा पट्टा. हळदीचा डाग लागलेल्या कपड्याला साबण लावला की तो लाल होतो, हे प्रत्येक आईला ठाऊक आहे. कुंकू तर परंपरेने हळदीला चुन्याची क्रिया देऊनच करत आले. म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांचा धडा आपल्या देव्हाऱ्यात आणि मोरीत पडून आहे. हळद पाण्यात कालवून ती कोऱ्या कागदाला फासावी, कागद वाळवून त्याच्या पट्ट्या कापाव्यात. एकीवर साबणाचे पाणी, दुसरीवर धुण्याच्या सोड्याचे पाणी, तिसरीवर लिंबू, चौथीवर ताक, पाचवीवर साधे पाणी. चुन्याची निवळी मात्र मोठ्या माणसानेच हाताळावी. थेंब टाकण्याआधी मुलाने आपला अंदाज वहीत लिहिलाच पाहिजे. हा नियम मोडू देऊ नये, कारण अंदाज लिहिला की मन त्यात गुंतते.

पहिल्या दोन पट्ट्या लाल होतील, उरलेल्या पिवळ्याच राहतील. लाल पट्टीवर लिंबू पिळले तर ती पुन्हा पिवळी होईल. इथे मूल थांबते आणि विचारते, 'लिंबू आणि पाणी दोन्हींत पिवळीच, मग त्यांतला फरक कसा ओळखायचा?' ताबडतोब उत्तर देऊ नका. दुसऱ्या दिवशी जास्वंदीचे फूल आणा आणि त्याच्या पाकळ्या कागदावर चोळा. आजच्या पाठातून उद्याचा प्रश्न निघाला, की आखणी जमली म्हणायची. त्यानंतर 'सामान्य विज्ञान'चे पुस्तक उघडावे. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीची पुस्तके मराठीत आहेत, तशीच उर्दूतही आहेत. ज्या घरात दोन्ही भाषा नांदतात, तिथे दोन्ही शेजारी ठेवून वाचण्यासारखा आनंद नाही.

दुसरा धडा पाण्याचा. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळाने होरपळलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींच्या गाडीतून एका खेपेला सुमारे २५ लाख लिटर येऊ लागले. आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८३ हजारांच्या आसपास होती. मुलाला भागाकार करू द्या. माणशी साडेसहा लिटर! मग तेवढेच पाणी एका घागरीत मोजून बाजूला ठेवा आणि दिवसभर ते कुठे कुठे पुरते, याचा हिशेब त्यालाच करू द्या. त्यानंतर नदीचे गढूळ पाणी घेऊन त्यात तुरटी फिरवणे आले, वाळू-कोळशातून ते गाळणे आले, आणि स्वच्छ दिसणारे पाणी पिण्याजोगे असतेच असे नाही, हेही आले. एका प्रश्नावर तीन आठवडे सहज जातात. ते जाऊ द्यावेत.

तिसरा धडा सांगताना आवाज जड होतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटे. किल्लारीचा भूकंप. तीव्रता ६.२ च्या आसपास, आणि माणसे गेली ती आठ ते दहा हजार. आदल्या वर्षी, ऑक्टोबर १९९२ मध्ये किल्लारीला धक्के बसले होते. तरीही तज्ज्ञांच्या नकाशात हा भाग भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या विभागात होता. पुढे २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या विभागात गेला. पुराव्यापुढे विज्ञान आपला नकाशा बदलते, ही गोष्ट मुलांना यापेक्षा स्पष्ट कुठे दिसेल?

पण एवढी माणसे गेली ती कशाने? पुष्कळशी घरे मातीत रचलेल्या दगडी भिंतींची होती. भिंती जाड, पण त्यांचा आतला थर आणि बाहेरचा थर एकमेकांत गुंतलेला नाही. वर मातीचे जड माळवद. जमीन हलली तसे थर फुटून दगड झोपलेल्या माणसांवर आले. गवती छपराच्या हलक्या झोपड्या त्यामानाने तगल्या. पुनर्वसनाच्या कामात भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बसवण्यावर म्हणूनच भर दिला गेला.

हा धडा घरात करता येतो. परातीखाली गोट्या ठेवा. परातीत ओल्या मातीने आणि खड्यांनी दोन छोट्या भिंती रचा. एकीत नुसते गोल खडे दोन ओळींत, दुसरीत मधूनमधून आडवे लांब तुकडे. वाळल्यावर परात सारख्या जोराने हलवा. मग दोन्हींवर वजन ठेवून पुन्हा हलवा. मूल पाहील, वहीत लिहील आणि बहुधा उठून आपल्या घराच्या भिंतीकडे बघेल. विज्ञान शिकायचे ते यासाठी. गुण हवेत, पण ज्या भिंतीखाली आपण झोपतो तिला प्रश्न विचारता यावा, हे आधी हवे.

लातूर आणि नांदेडने परीक्षेच्या तयारीची मोठी परंपरा उभी केली आहे. गेल्या शतकाच्या अखेरीपासून 'लातूर पॅटर्न' महाराष्ट्रभर गाजला आणि सामान्य घरातली अनेक मुले त्यामुळे डॉक्टर-अभियंते झाली. त्यातली शिस्त, रोजचा सराव, वेळेचे गणित घरच्या शाळेनेही उचलावे. मात्र त्या स्पर्धेची पाळी येण्याआधीची ही तीन वर्षे हाताने शिकण्याची आहेत. घरी शिकणाऱ्या मुलाला दहावीची दारेही बंद नाहीत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, आपल्या मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहे.

तेव्हा पालकहो, आठवड्याला एक प्रश्न निवडा. पहिल्या दिवशी अंदाज, दुसऱ्या दिवशी प्रयोग, तिसऱ्या दिवशी तोच प्रयोग एक गोष्ट बदलून, चौथ्या दिवशी वहीतली नोंद आणि पुस्तक. पाचव्या दिवशी मुलाने तो धडा आजीला समजावून सांगायचा, तिच्या बोलीत. आजीला कळले, तर पुढच्या प्रश्नाकडे वळायला हरकत नाही. नाही कळले, तर परात पुन्हा मांडायची.