महामारीकाळातील किशोरवयीनांची भावनिक बुद्धिमत्ता आणि चिंता

भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखण्याची, त्यांचा अर्थ लावण्याची आणि त्यांचे नियमन करण्याची क्षमता होय. कोविड-१९ महामारीत या क्षमतेचा किशोरवयीन मुलामुलींच्या चिंतेशी असलेला संबंध मानसशास्त्रात अभ्यासला गेला. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे हा काळ किशोरवय मानते.

संकल्पना

पीटर सॅलोव्हे व जॉन मेयर यांनी १९९० मध्ये ही संकल्पना मांडली. डॅनियल गोलमन यांच्या १९९५ मधील पुस्तकामुळे ती सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली. अस्वस्थता नेमकी कशाची आहे, म्हणजे भीतीची, रागाची की एकटेपणाची, हे ज्याला सांगता येते, त्याला तिच्यावर उपाय शोधणे सोपे जाते, असे या मांडणीचे सूत्र आहे. चिंता ही मुळात आजार नसून संभाव्य धोक्याला मिळणारा स्वाभाविक प्रतिसाद आहे. ती दीर्घकाळ टिकून झोप, अभ्यास व दैनंदिन व्यवहार बिघडवू लागली, तर चिंताविकाराची शक्यता तपासली जाते.

महामारीतील चित्र

ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यात २९ अभ्यासांतील ८०,८७९ मुले व किशोरवयीनांची माहिती एकत्र केली गेली. त्यांपैकी २०.५ टक्के जणांत चिंतेची लक्षणे चिंताजनक पातळीवर आढळली. हे प्रमाण लक्षणांचे आहे, निदान झालेल्या आजाराचे नव्हे.

महाराष्ट्रात दहावीच्या विद्यार्थ्यांना अनिश्चिततेचा अनुभव विशेष तीव्रतेने आला. २०२० मध्ये भूगोलाची परीक्षा रद्द झाली. २०२१ मध्ये संपूर्ण परीक्षा आधी पुढे ढकलली गेली व नंतर रद्द झाली. अंतर्गत मूल्यमापनावर आधारित निकाल १६ जुलै रोजी ९९.९५ टक्के लागला. अकरावी प्रवेशासाठी २१ ऑगस्टला सामाईक परीक्षा जाहीर झाली. ती मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्टला रद्द ठरवली. अवघ्या चार महिन्यांत अभ्यास कशासाठी करायचा, याचे उत्तर अनेकदा बदलले. दूरदर्शनवरील ‘टिलीमिली’ मालिका पहिली ते आठवीसाठी होती. मोठ्या वर्गांची भिस्त मुख्यतः भ्रमणध्वनीवर राहिली.

बीड जिल्ह्याचा संदर्भ

माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड ज्या बीड जिल्ह्यात आहे, तेथील असंख्य कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात. मार्च २०२० च्या टाळेबंदीत ऊसतोड कामगार व त्यांच्यासोबतची मुले कारखान्यांच्या परिसरात अडकली. राज्य शासनाने एप्रिलमध्ये त्यांना परतण्याची परवानगी दिली. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्याची काळजी अशा घरांतील मुलांपासून लपून राहत नाही. मुलींबाबत आणखी एक भीती असते. आईवडील फडात असताना वयात आलेली मुलगी गावी एकटी ठेवण्यापेक्षा तिचे लग्न उरकण्याकडे कल असतो, आणि शाळा बंद असताना हा दबाव थोपवणारा आधारही दुबळा होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार जिल्ह्यातील बालविवाहाचे प्रमाण राज्याच्या सरासरीच्या सुमारे दुप्पट होते.

मर्यादा

भावनिक बुद्धिमत्ता अधिक असलेल्यांत चिंता कमी आढळते, असा निष्कर्ष अनेक अभ्यासांत येतो. परंतु बहुतेक मोजमाप मुलांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलीवर व एकाच वेळी झालेले असते. त्यामुळे कारण कोणते व परिणाम कोणता, हे त्यातून ठरत नाही. शिवाय कर्ज, स्थलांतर किंवा ठरू घातलेले लग्न यांविषयीची चिंता वास्तव धोक्यातून येते. तिला केवळ भावना हाताळण्यातील उणीव मानणे चुकीचे ठरते.

साहाय्य

केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये विद्यार्थ्यांसाठी ‘मनोदर्पण’ उपक्रम सुरू केला. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली मानस’ या सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते. बालविवाह रोखण्यासाठी १०९८ हा बाल हेल्पलाइन क्रमांक उपलब्ध आहे.