राधानगरी धरण पुरं कुणी केलं?

दर पावसाळ्यात मी एक बातमी लिहितो. ‘राधानगरीचा स्वयंचलित दरवाजा उघडला, १४२८ क्युसेकने विसर्ग सुरू.’ कोल्हापूरकराला पुढचं सांगावं लागत नाही. लगेच फोन सुरू, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. नदीकाठची माणसं सामान माळ्यावर टाकायला लागतात.

काही वर्षांपूर्वी याच बातमीच्या शेवटी मी घाईत एक ओळ जोडली, की हे धरण राजर्षी शाहू महाराजांनी बांधून पूर्ण केलं. रात्र झाली होती, पान सोडायचं होतं, पडताळायला पाच मिनिटं नव्हती. म्हणजे होती, मी घेतली नाहीत. सकाळी एका निवृत्त गुरुजींचा फोन. “लेका, महाराजांनी धरण सुरू केलं. पुरं झालेलं त्यांनी बघितलंच नाही. पेपरात लिहितोस, वाचतोस कधी?”

मग वाचलं. राधानगरीच्या कामाला सुरुवात झाली ती गेल्या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत. त्याआधी दोन मोठे दुष्काळ संस्थानाने सोसले होते. भोगावतीवरचा बांध चाळीस फुटांपर्यंत चढला आणि १९१८ च्या सुमारास पैसा संपून काम थांबलं. ६ मे १९२२ ला महाराज मुंबईत गेले, वय अवघं ४७. धरण पुरं झालं स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात. आज त्यात आठ टीएमसीहून जास्त पाणी मावतं. ज्यानं पाया घातला त्याच्या नशिबी ना फीत, ना नारळ.

हे आत्ताच आठवायचं कारण सांगतो. निवडणुकीची नुसती चाहूल लागली तरी चौकाचौकात ‘भावी’ उगवतात. मध्यंतरी असाच एक पंचविशीतला पोरगा आला. दोन वर्षांत तीन पक्षांचे फ्लेक्स झाले त्याचे. “साहेब, यंदा उभारायचं हाय. एक बाईट घ्या की.” मी विचारलं, तुमच्या प्रभागातलं सांडपाणी शेवटी जातं कुठं? म्हणाला, “ते बघू की निवडून आल्यावर.” पोरगा वाईट नाही. आडलेल्याला दवाखान्यात नेतो, रक्त मिळवून देतो. पण त्याला तयारी कर म्हणून कुणी सांगितलेलंच नाही. आम्ही पत्रकारांनी तर नाहीच. फ्लेक्स मोठा दिसला की आम्हीच त्याला ‘युवा नेते’ लिहून टाकतो.

महाराजांना निवडणूक लढवायची नव्हती, गादी दत्तक म्हणून मिळाली, हे मान्य. पण दत्तकविधान झालं १७ मार्च १८८४ ला आणि अधिकार हातात आले २ एप्रिल १८९४ ला. मधली दहा वर्षं शिकण्यात गेली. आधी राजकोट, मग धारवाडला फ्रेझर साहेबांच्या हाताखाली अभ्यास, देशभरचे प्रवास. आणि अधिकार मिळाल्यावर तरी पहिल्याच दिवशी घोषणा केली का? नाही.

२६ जुलै १९०२ चा आरक्षणाचा हुकूम सगळ्यांना पाठ आहे. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना. त्याच्या पुढे-मागे काय होतं ते मात्र कुणी फ्लेक्सवर छापत नाही. हुकमाच्या आदल्या वर्षी, १९०१ ला, मराठा बोर्डिंग सुरू झालं होतं. त्याच साली जैन बोर्डिंग. पुढं मुस्लिम बोर्डिंग १९०६ ला, लिंगायत १९०७ ला, मिस क्लार्क १९०८ ला. जागा राखून ठेवल्या, तर त्या जागांवर बसायला खेड्यातली पोरं आधी शिकून यायला हवीत, आणि शिकायला शहरात आली तर राहायला-जेवायला कुठं? हा हिशेब आधी झाला होता. दसरा चौकातनं जाताना त्या इमारतींकडं एकदा या नजरेनं बघा.

हुकमातच आणखी एक कलम आहे, माझ्या सर्वात आवडीचं. प्रत्येक कार्यालयप्रमुखानं नव्या नेमणुकांचा तक्ता दर तिमाहीला पाठवायचा. म्हणजे हुकूम काढून मोकळं व्हायचं नाही, दर तीन महिन्यांनी विचारायचं, झालं किती? आजच्या किती जाहीरनाम्यांत ही ओळ सापडेल? मी वीसेक वर्षं जाहीरनामे वाचतोय, मला तरी आठवत नाही.

त्या पोराचा बाईट मी घेतला नाही. दुसऱ्या कुणीतरी घेतला, रात्री मोबाईलवर बघितला. चांगला बोलला, महाराजांचं नावही दोनदा घेतलं.

आणि माझी ती चूक? दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली. चार ओळी, आतल्या पानावर, निविदांच्या जाहिरातीखाली. मूळ बातमी पहिल्या पानावर होती. गुरुजींनी ती दुरुस्तीही शोधून वाचली आणि परत फोन केला, “भिंग लावून बघितली बाबा.”