दिव्यावर चालणारी बस

आमच्या लालबागच्या खोलीत दिव्यावरून भांडण व्हायचं, पण ते चार घरांत होतं त्याच्या अगदी उलट. इतरांकडे म्हातारी माणसं उगाच जळणाऱ्या दिव्यावरून पोरांना ओरडतात. आमच्याकडे गॅलरीतला चाळीसचा बल्ब भरदुपारी पेटलेला दिसला आणि मी बटणाकडे हात नेला, की आरामखुर्चीतून आबांचा आवाज यायचा, "ऱ्हवांदे रे. तो जळतोय म्हणून बस चालते." थोड्या वेळाने काका यायचे आणि एक शब्द न बोलता तो बंद करायचे.

आबा, म्हणजे माझे आजोबा, बेस्टमध्ये, म्हणजे मुंबईत बस आणि वीज दोन्ही पुरवणाऱ्या संस्थेत, कंडक्टर. आधी ट्रामवर, मग बसवर. काकाही बेस्टमध्येच, पण विजेच्या बाजूला, मीटर रीडर. विजेच्या कमाईतून बसचा तोटा भरला जायचा. एकाच संस्थेचे दोन पगार एकाच फळीवरच्या डब्यात पडायचे आणि दोघांचीही खात्री अशी, की राबतो तो मी आणि बसून खातो तो समोरचा. काका म्हणायचे, "आम्ही जिने चढून चढून गुडघे झिजवायचे, आणि पैसा जातो कुठे, तर तुमच्या डिझेलच्या टाकीत." आबा पानाचा देठ खुडत विचारायचे, "आणि त्या जिन्यापर्यंत तुला पोचवतो कोण?"

ह्या भांडणात कोण बरोबर होतं, हे ठरवायला मला बरीच वर्षं लागली. सुरुवात मात्र पणजीपासून करायला हवी, कारण घोडे तिच्या गोष्टीत होते. तिने स्वतः ते फार थोडे दिवस पाहिले. जास्त ऐकलं ते तिच्या सासऱ्याकडून. उन्हाळ्यात ट्रामच्या घोड्यांच्या डोक्यावर टोप्या असायच्या, हे ती इतक्या वेळा सांगायची की आम्हाला घोडा म्हटला की टोपी घातलेलाच दिसायचा. "माणसं उघड्या डोक्याने, नि घोडे साहेबासारखे." ९ मे १८७४ ला मुंबईत पहिली ट्राम धावली. एक फाटा कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीला. कंपनीकडे तेव्हा ९०० घोडे होते. भाडं तीन आणे. पणजीच्या सासऱ्याने ते कधीच दिलं नाही. तो चालत गेला. पुढे भाडी उतरली, तेव्हा कुठे तो चढला, आणि चढल्यावर पुढच्या जन्मीही उतरणार नाही अशा थाटात बसला, असं पणजी सांगायची.

मग विजेची ट्राम आली, ७ मे १९०७ ला. इथे आबा गोष्ट आपल्या हातात घ्यायचे, कारण त्यांच्या मते सगळा न्याय ह्याच एका जागी होता. घोडे गेले, पण विजेवर गाडी ओढायची तर वीज हवी. वीज हवी तर वीजघर हवं. ते वाडीबंदरला उभं राहिलं. ट्राम आणि वीज दोन्ही एकाच कंपनीकडे. वीजघर एकदा उभं केलं, की तीच वीज दुकानांना, पेढ्यांना, घरांना विकता येते. आबांच्या भाषेत, हा दोन भावांचा मामला. "थोरला रस्त्यावर राबला, धाकट्याला मुंबई दाखवली. आता धाकटा कमावता झाला, तर त्याने थोरल्याला महिन्याची मनीऑर्डर पाठवायला नको?" आमच्या चाळीत निम्म्या खोल्यांमधून कोकणात मनीऑर्डरी जात. हे गणित तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नसे.

आबा १९३८ मध्ये कंपनीच्या ट्रामवर लागले. ७ ऑगस्ट १९४७ ला महापालिकेने कंपनी ताब्यात घेतली. "देश पंधराला आपला झाला, ट्राम आठ दिवस आधीच," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पगाराच्या पाकिटावरची मालकी बदलली, बाकी काम तेच. ट्रामची घंटा, टर्मिनसला दोरीने ओढून वरची दांडी तारेवर उलट्या बाजूला फिरवणं, गर्दीत पाय ठेवायला जागा नसताना फुटबोर्डवरून तिकिटं फाडणं. एक आणा टाकला की गडी परळहून बोरीबंदर गाठायचा. गिरणीवाले, कारकून, माशांच्या पाट्या घेतलेल्या बायका, आणि रविवारी राणीच्या बागेत निघालेली आख्खी कुटुंबं. आजी लग्न होऊन आली तेव्हा एकटीने कुठे जायची सोय नव्हती. ट्रामने ती झाली. नवरा कंडक्टर असल्यामुळे सगळे कंडक्टर भावोजी. एकटीने क्रॉफर्ड मार्केटला जाऊन यायला सासूने कधी आडकाठी केली नाही.

आजीला आबांच्या नोकरीतलं सगळ्यात जास्त ठाऊक होतं ते पंचचं. खाकी पँट धुवायला घेतली की खिशातून तिकिटांच्या भोकांच्या टिकल्या निघत. गुलाबी, पिवळ्या, हिरव्या, पांढऱ्या. जितके आणे-पैसे, तितके रंग. बादलीच्या पाण्यावर त्या तरंगायच्या आणि आम्ही पोरं वाटीने गोळा करायचो. आबांच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी पंचने पाडलेला घट्टा होता, वाटाण्याएवढा. निवृत्तीनंतरही बोलताना तो अंगठा आपोआप हलायचा. बोलता बोलता ते हवेतच तिकीट टोचत.

शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांची दाटी. आबांची त्या ट्रामवर ड्युटी नव्हती. ते साध्या कपड्यांत गेले आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा पैसे देऊन ट्रामचं तिकीट घेतलं. ट्राम तोट्यात होती म्हणून बंद झाली, हे कागदावरचं कारण. आबा म्हणत, "तोट्यात होती ते खरंच. पण ती मोटारींच्या वाटेत यायची, ते जास्त खरं." रूळ रस्त्याच्या मधोमध, ट्राम जागची हलणार नाही, मागे मोटारवाला हॉर्न वाजवतोय. मोटारीत माणसं दोन, ट्राममध्ये माणसं शेकड्याने, आणि रस्ता अडवला कोणी, तर म्हणे ट्रामने.

मुंबईने ट्राम काढली, पण नाव काढता आलं नाही. आजही दादर पूर्वेला उतरणारा माणूस कंडक्टरला "टी.टी." म्हणूनच सांगतो. ट्राम टर्मिनस. सांगणाऱ्याच्या बापानेही ट्राम पाहिलेली नसते.

काकांची बाजू मी आतापर्यंत हलकी दाखवली, ते बरोबर नाही. त्यांचा मुद्दा भक्कम होता. बेस्टची वीज फक्त शहरात, कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत. बस मात्र पार बोरिवली, मुलुंडपर्यंत. म्हणजे लालबागच्या विधवेने पंखा लावायचा आणि त्यातून बोरिवलीच्या बंगलेवाल्याची बस चालायची, हा कुठला न्याय? आबा शांतपणे म्हणायचे, "बंगलेवाला बसने जात नाही रे. जातो तो त्याच्या हाफिसातला शिपाई."

फोर्टात तेव्हा सकाळी दहाला हजारो माणसं एकाच वेळी टेबलाशी पोचायला हवी असत. ती पोचली नाहीत तर बँक उघडून उपयोग नाही, पेढी उघडून उपयोग नाही. त्या सगळ्यांनी मोटारी आणल्या असत्या, तर फोर्टात मोटारींखेरीज काही उरलंच नसतं. म्हणजे बसचा फायदा बसमध्ये बसलेल्याइतकाच, किंबहुना जास्त, न बसलेल्याला. काळबादेवीच्या कापडवाल्याला, हॉटेलवाल्याला, इमारतीच्या भाडेकऱ्याकडून रग्गड भाडं घेणाऱ्या मालकाला. ह्यांतला कुणीही तिकीट काढत नाही. पण वीजबिल प्रत्येक जण भरतो, आणि दुकाना-कचेऱ्यांचा दर घरांपेक्षा चढा. आबा ह्याला म्हणत, "साहेबाच्या पंख्याचा वारा कारकुनाच्या बसला." मला अजूनही ह्याहून सोपं कुणी सांगितलेलं नाही.

आणि बस स्वतः तोट्यात असूनही दुसऱ्यांसाठी पैसे गोळा करायची! तिकिटाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत "पोषण अधिभार" असे. तो पैसा बसचा नव्हे, सरकारचा. आबा ते दाखवून काकांना म्हणायचे, "बघ, भिकाऱ्याच्या कटोऱ्यातूनसुद्धा वर्गणी काढतात."

आबा गेले. काका १९९९ मध्ये निवृत्त झाले. मग २००३ चा वीज कायदा आला. ज्याला जी वीज, त्याने तिचीच किंमत द्यावी, असा त्याचा एकंदर रोख. काकांचंच म्हणणं कायद्याच्या भाषेत. बसचा तोटा वीजग्राहकांनी का भरावा, ह्यावर सुनावण्या झाल्या, कज्जे चालले. काही वर्षं वीजबिलावर परिवहनाच्या तोट्याची वेगळी ओळ छापून यायची. काका भिंग घेऊन ती शोधायचे, आकड्याखाली पेन्सिलने रेघ मारायचे आणि बिल मला दाखवायचे. २०१६ च्या आसपास ती ओळ गेली. काका जिंकले. त्या महिन्याचं बिल हातात घेऊन ते बराच वेळ बसून राहिले, मग म्हणाले, "आता म्हाताऱ्याचं कसं व्हायचं?" म्हातारा म्हणजे आबा की बस, हे मी विचारलं नाही.

व्हायचं तेच झालं. मनीऑर्डर थांबली की गावचं घर आधी कौलं काढून विकतं. बेस्टच्या स्वतःच्या बस वर्षागणिक कमी होत गेल्या, कंत्राटी बस आल्या. जानेवारी २०१९ मध्ये नऊ दिवस संप झाला. त्याच वर्षी महापालिकेने अनुदान दिलं आणि जुलैमध्ये किमान भाडं आठवरून पाच रुपयांवर आणलं. बसथांब्यांवर पुन्हा रांगा दिसू लागल्या. स्वस्त केलं की माणसं येतात, हे पणजीच्या सासऱ्यालाही ठाऊक होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये जुनी डिझेलची दुमजली बस निवृत्त झाली. विजेवरची आली, पण मोजकी.

"तोटा" हा शब्द इतर कुणाला का चिकटत नाही, हे मला कळत नाही. ह्याच महापालिकेने सुमारे १४ हजार कोटी रुपये घालून सागरी किनारा मार्ग बांधला. त्यावर टोल नाही. मोटारवाला फुकट जातो. तो रस्ता यंदा किती तोट्यात गेला, अशी बातमी मी वाचलेली नाही. तो विकास. बसमध्ये तिकीट काढणारा मात्र शहराच्या अंगावर बसलेला.

९ मे २०२५ ला बसचं किमान भाडं पाचाचं दहा झालं. पणजीच्या घोड्यांची तीच तारीख, दीडशे वर्षं उलटून गेल्यावरची. त्याच दिवशी भुयारी मेट्रोच्या वरळीपर्यंतच्या टप्प्याचं उद्घाटन झालं. मेट्रोला धाकट्या भावाची गरज नाही. तिला जपानचं कर्ज आहे, आणि मुंबईत घर घेणाऱ्याकडून मुद्रांकासोबत एक टक्का मेट्रो अधिभारही वसूल होतो. जिथे गाडी जाते तिथे जागेला भाव येतो, तर त्या भावातला थोडा वाटा गाडीला द्या. आबांचाच हिशेब, फक्त पंख्याऐवजी फ्लॅट.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ती मेट्रो कफ परेडपर्यंत गेल्यावर काकांना घेऊन हुतात्मा चौकात उतरलो. वय चौऱ्याऐंशी. वर, ह्याच चौकात, २०१७ मध्ये खोदकाम करताना डांबराखाली ट्रामचे रूळ सापडले होते. ते आठवून मी सांगायला लागलो, पण काकांचं लक्ष नव्हतं. ते वर बघत होते. लांबच्या लांब फलाट, दिव्यांच्या रांगाच रांगा, आणि दुपारची वेळ असल्यामुळे माणसं तुरळक.

"एवढे दिवे," काका म्हणाले. "ह्याचं मीटर कोण वाचतं?"

मी म्हटलं, आता आपोआप वाचलं जातं.

काकांनी मान डोलावली. मग चालता चालता, जुन्या सवयीने, त्यांचा हात भिंतीवर बटण चाचपू लागला.