फोसेनच्या माथ्यांवरील वारा

वारा कोणाच्याहि मालकीचा नसतो. परंतु ज्या डोंगरावरून तो वाहतो, त्या डोंगराची वहिवाट मात्र कोणाची तरी असते. नॉर्वेमधील फोसेन द्वीपकल्पाचा अलीकडचा इतिहास हा या साध्या गोष्टीच्या विस्मरणाचा इतिहास आहे.

ट्रॉन्डहाइम शहरासमोर खाडीपलीकडे पसरलेल्या या डोंगराळ मुलखांत सामी या आदिवासी समाजाचीं कांहीं कुटुंबें पिढ्यानुपिढ्या रेनडियरांचे कळप पाळीत आलीं आहेत. हरणाच्या कुळांतील हें जनावर हिंवाळ्यांत मुख्यतः दगडफुलावर जगतें. महाराष्ट्रांतील मसाल्यांत पडणाऱ्या दगडफुलाचेंच तें भावंड. बर्फाचे जाड थर सांचले, कीं हें खाद्य त्यांखालीं गाडलें जातें. ज्या उघड्या माथ्यांवरील बर्फ वारा झाडून नेतो, तेथेंच जनावरांच्या खुरांना तें उकरून काढतां येतें. पवनचक्क्यांसहि नेमके तेच माथे हवे होते.

आपल्या चराईच्या जमिनी जातील, ही सामींची भीति जुनी आहे. ६ फेब्रुवारी १९१७ रोजीं ट्रॉन्डहाइम येथेंच त्यांची पहिली मोठी परिषद भरली. एल्सा लाउला रेनबर्ग या तेजस्वी स्त्रीनें तिच्यासाठीं पुढाकार घेतला होता, आणि रेनडियरांची चराई हा तेथील चर्चेचा एक मुख्य विषय होता. पुढें १९७९ सालीं आल्टा नदीवरील धरणाविरुद्ध सामी तरुणांनीं ऑस्लो येथें पार्लमेंटसमोर उपोषण केलें. धरण झालेंच, मात्र त्या आंदोलनानें देशाचे डोळे उघडले आणि १९८९ मध्यें सामींची स्वतंत्र प्रतिनिधिसभा अस्तित्वांत आली.

डोळे उघडले, तरी दृष्टि बदलतेच असें नाहीं. २०१० सालीं फोसेनवरील स्टूरहेया व रूआन या दोन ठिकाणीं पवनचक्क्या उभारण्याचे परवाने देण्यांत आले. नवे रस्ते, यंत्रांची घरघर आणि फिरतीं पातीं यांना बुजून कळप तेथें फिरकणार नाहींत, अशी हरकत पशुपालकांनीं घेतली. सरकारपक्षाचें म्हणणेंहि पोकळ नव्हतें. कोळसा व तेल जाळून तापत चाललेल्या जगाला धूररहित वीज हवी होती. २०१३ मध्यें परवाने कायम झाले. डिसेंबर २०१८ मध्यें संयुक्त राष्ट्रसंघाच्या वंशभेद-निर्मूलन समितीनें स्टूरहेया येथील काम थांबविण्याची विनंती केली. तीहि मानली गेली नाहीं. २०२० पर्यंत दोन्ही ठिकाणीं मिळून १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या.

११ ऑक्टोबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनीं एकमतानें निकाल दिला. हिंवाळी कुरणें वस्तुतः नष्ट झालीं आहेत. आपल्या संस्कृतीप्रमाणें जगण्याचा जो हक्क अल्पसंख्याकांना १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारानें दिला, त्याचा भंग झाला आहे. सबब परवाने अवैध आहेत. जनावरांना कुंपणांत कोंडून चारा घालावा व त्याचा खर्च भरून द्यावा, ही तोड न्यायालयानें मानली नाहीं. धूररहित वीज हवी हें खरें; पण कमी हानीचा दुसरा मार्ग निवडून ती मिळवितां आली असती, असाहि विचार त्यानें मांडला.

निकाल लागला, पण पातीं फिरतच राहिलीं. उभ्या यंत्रांचें काय करावें, हें न्यायालयानें सांगितलें नव्हतें. ५०० दिवस उलटले, तेव्हां फेब्रुवारी २०२३ मध्यें सामी तरुणांनीं ऑस्लोमधील ऊर्जामंत्रालयांत ठाण मांडलें. कांहींनीं आपला पारंपरिक पोशाख उलटा करून घातला होता. तें त्यांच्यांत निषेधाचें चिन्ह. मार्चमध्यें सरकारनें क्षमा मागितली. डिसेंबर २०२३ व मार्च २०२४ मध्यें पशुपालकांच्या दोन्ही गटांशीं तडजोडी झाल्या. त्यांत वार्षिक भरपाई व पर्यायी हिंवाळी कुरणें कबूल करण्यांत आलीं. पवनचक्क्या मात्र जागच्या जागीं राहिल्या.

न्याय मिळाला नाहीं, असें म्हणतां येणार नाहीं. परंतु तो पवनचक्क्यांच्या मागून आला. न्यायालयानें २०२१ सालीं जें सांगितलें, तें पशुपालकांनीं प्रारंभींच सांगितलें होतें. परवान्यावर सही होण्यापूर्वीं तें कोणी मनावर घेतलें असतें, तर वीजहि मिळाली असती आणि कुरणेंहि राहिलीं असतीं.