नागरिकत्वाची कागदपत्रे हरवली? आधी मूळ नोंद शोधा

पुरात घर गेले, पेटी चोरीला गेली, किंवा वडील गेल्यावर त्यांचे कागद कुठे ठेवलेत हेच कुणाला माहीत नाही. अशा वेळी माणूस घाबरतो आणि एजंट गाठतो. घाबरू नका. घरातला कागद ही बहुतेक वेळा नकलच असते. मूळ नोंद सरकारी दप्तरात किंवा शाळेत असते.

नागरिक कोण?

नागरिकत्व कायदा, १९५५ प्रमाणे भारतात जन्मलेल्यांसाठी साधारण नियम असा:

- २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ : भारतात जन्म पुरेसा.
- १ जुलै १९८७ ते २ डिसेंबर २००४ : आई किंवा वडील, एक तरी भारतीय नागरिक हवा.
- ३ डिसेंबर २००४ पासून : दोघेही नागरिक, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला.

जन्माने नागरिक असलेल्याला अर्ज करावा लागत नाही, वेगळे प्रमाणपत्रही मिळत नाही. म्हणूनच जन्माची नोंद आणि आई-वडिलांचे कागद महत्त्वाचे. आधार कार्ड हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच लिहिले आहे.

कोणता कागद कुठे मिळेल?

- जन्म दाखला : जन्म जिथे झाला तिथली ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिका.
- जुनी गावाकडची नोंद : तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४.
- शाळा : सोडल्याचा दाखला आणि प्रवेश निर्गम रजिस्टरचा उतारा. आजोबांच्या शाळेतही विचारा.
- जमीन : सातबारा आणि जुने फेरफार.
- निकाहनामा : निकाह लावणाऱ्या काझींचे रजिस्टर. विवाह नोंदणी झाली असेल तर त्या कार्यालयातून नक्कल.

कागद हरवल्याची पोलिसांत तक्रार द्या, पोच जपून ठेवा.

जन्माची नोंदच नसेल तर?

आधी स्थानिक निबंधकाकडून 'नोंद आढळत नाही' असा दाखला घ्या. जन्माला एक वर्ष उलटून गेले असेल तर नोंदीसाठी जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. २०२५ पासून महाराष्ट्रात अशा नोंदींची छाननी कडक झाली आहे. नुसत्या आधारवर अर्ज करू नका. शाळा, दवाखाना, जमीन असे जुने पुरावे जोडा. खोटा कागद जोडलात तर गुन्हा दाखल होऊ शकतो, म्हणून एजंटच्या 'करून देतो'ला भुलू नका.

नावातला फरक

एका कागदावर 'शेख रहिमान', दुसऱ्यावर 'अब्दुल रहेमान शेख'. माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे. खरी अडचण इथेच होते. सगळे कागद समोर ठेवून नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख ताडून पाहा. चूक असेल तिथे पुराव्यासह दुरुस्तीचा अर्ज द्या. गरज पडल्यास राजपत्रात नावबदल करा.

अर्ज कुणी करायचा?

भारतीय नागरिकाशी लग्न करून आलेल्या परदेशी पती-पत्नीला कलम ५ खाली नोंदणीने नागरिकत्व मागता येते. त्यासाठी सात वर्षांचे वास्तव्य लागते, आणि अर्जाआधीचे सलग बारा महिने भारतात राहिलेले असावे लागते. अर्ज केंद्रीय गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर भरतात. पासपोर्ट, व्हिसा, जोडीदाराच्या नागरिकत्वाचा पुरावा आणि विवाहाचा दाखला तयार ठेवा. व्हिसाची मुदत संपू देऊ नका.

आई-वडील, आजी-आजोबा हयात आहेत तोवर गाव, शाळा, जुनी नावे विचारून लिहून ठेवा. कोणत्या रजिस्टरात शोधायचे, हे त्यांनाच माहीत असते.