अजाणता घडलेले पाप आणि मराठी ख्रिस्ती परंपरा

जे कृत्य कर्त्याच्या ध्यानीमनी नसताना पाप ठरले, त्याचे उत्तरदायित्व त्याच्याकडे जाते की नाही, हा ख्रिस्ती धर्मविचारातील जुना प्रश्न होय. ‘जुन्या करारा’तील लेवीय ग्रंथाचा चौथा अध्याय चुकून घडलेल्या पापासाठीही अर्पणाचा विधी सांगतो. गणना ग्रंथाचा पंधरावा अध्याय असे पाप आणि उद्दामपणे केलेले पाप यांत भेद करतो. पहिल्यास अर्पण आहे, दुसऱ्यास नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात धन्याची इच्छा ठाऊक नसलेल्या दासाला थोडे फटके बसतात. फटके थोडे असले तरी ते बसतातच. आणि येथूनच पुढील मतभेदास वाट मिळाली.

रोमन कॅथलिक नीतिशास्त्राने भर दिला तो ज्ञानावर व संमतीवर. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने टाळता येण्याजोगे अज्ञान आणि टाळता न येणारे अज्ञान असे दोन भेद मानले. पहिले अज्ञान स्वतःच दोषास्पद असू शकते. दुसऱ्यामुळे मात्र दोष उरत नाही. 1215 च्या लॅटरन परिषदेने वार्षिक पापकबुलीचे बंधन घातले, तेही समजूत येण्याच्या वयास पोहोचलेल्यांवरच. याउलट 1647 च्या वेस्टमिन्स्टर प्रश्नोत्तरावलीने पापाची व्याख्या करताना ईश्वरी नियमाशी अनुरूप नसणे हेही पापच मानले. त्या व्याख्येत हेतूचा उल्लेख नाही. स्कॉटिश मिशनऱ्यांची धर्मशिकवण याच प्रश्नोत्तरावलीवर पोसलेली होती.

हे दोन्ही प्रवाह मराठी मुलखात आले, तेव्हा येथील भूमी कोरी नव्हती. कामतः केलेले पाप आणि अकामतः घडलेले पाप हा भेद धर्मशास्त्रास पूर्ण परिचित होता. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात त्याची चर्चा आहे. याज्ञवल्क्याच्या मते प्रायश्चित्ताने अज्ञानकृत पाप नष्ट होते. बुद्धिपुरस्सर पाप करणारा मात्र प्रायश्चित्तानंतर केवळ ‘व्यवहार्य’, म्हणजे समाजाने व्यवहार करण्यास योग्य, ठरतो. येथे एका शब्दात दोन कार्ये एकवटलेली दिसतात: पापाचे क्षालन आणि पंक्तीत पुनःप्रवेश. सोळा वर्षांखालील मुलास अर्धे प्रायश्चित्त पुरे, असेही स्मृतिवचन आहे. सारांश, अज्ञानाने पापाचा भार हलका होतो, परंतु पाप घडलेच नाही असे होत नाही.

गोमंतकात हा प्रश्न प्रथम व्यवहारात उतरला. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यास आला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राचोल येथे छापले गेले आणि त्याची कोंकणी प्रश्नोत्तरावली त्याच्या मृत्यूनंतर 1622 मध्ये निघाली. नवख्रिस्त्यांना त्यांच्याच भाषेत धर्म कळला पाहिजे ही या ग्रंथांमागील निकड होती. तिचा नैतिक अर्थही आहे: ज्याला शिकवलेच नाही, त्याचे अज्ञान अटळ, ज्याला शिकवले, त्याला अज्ञानाचा आधार उरत नाही. या तर्काची कठोर बाजू धर्मसमीक्षण न्यायालयात दिसते. 1560 मध्ये स्थापन झालेले हे न्यायालय, 1774 ते 1778 हा खंड वगळता, 1812 पर्यंत चालले. त्याच्या 1736 च्या फर्मानाने मीठ न घालता भात शिजवणे, घरी तुळस लावणे यांसारखे आचारही ख्रिस्त्यांना निषिद्ध ठरवले. आजीच्या हातची रीत म्हणून अळणी भात रांधणाऱ्या स्त्रीच्या मनात पाखंड असेलच असे नाही. परंतु फर्मान जाहीर झाले की ‘ठाऊक नव्हते’ हे उत्तर दुबळे होते. सवय हाच पुरावा ठरू लागला, की हेतूस महत्त्व देणारा सिद्धांत व्यवहारात हेतूची चौकशी न करताच दोष लावू शकतो.

मुंबईत 1843 मध्ये हाच प्रश्न उलट बाजूने उभा राहिला. स्कॉटिश मिशनच्या शाळेशी संबंध आलेल्या नारायण शेषाद्री याने त्या वर्षी सप्टेंबरात बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारे बारा, मिशनऱ्यांच्या आश्रयास राहिला होता. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता, पण त्यांच्याकडील अन्न त्याने घेतले होते. पित्याने सुप्रीम कोर्टात दाद मागितली आणि कोर्टाने मुलास पित्याच्या स्वाधीन केले. त्यानंतर प्रश्न आला ज्ञातीचा. बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्त देऊन श्रीपतला परत घ्यावे अशी बाजू घेतली आणि सनातनी मंडळींचा रोष पत्करला.

या वादात पक्षांची स्थिती चमत्कारिक आहे. ज्यांच्या प्रश्नोत्तरावलीत पापाच्या व्याख्येला हेतूची गरज नव्हती, त्या मिशनऱ्यांना येथे बालकाची स्वतःची समज व श्रद्धा यांवर भर द्यावा लागला. सनातन्यांच्या दृष्टीने अन्न पोटात गेले हीच निर्णायक गोष्ट होती. बारा वर्षांच्या मुलाने काय जाणले आणि काय नाही, याचा विचार करण्यास शास्त्राने दिलेली सवलत उपलब्ध होती. पण सवलत शास्त्रात असणे आणि समाजाने ती देणे यांत अंतर होते. ज्याच्या समजुतीविषयी इतरांनी वाद घातला, त्या मुलाचे घरी, पंक्तीत व समाजात काय व्हावे हे त्या वादावर अवलंबून होते.

या पार्श्वभूमीवर ‘प्रायश्चित्त’ या शब्दाचा प्रवास लक्षणीय ठरतो. मराठी बायबलात अर्पणविधीच्या संदर्भात हाच शब्द आला आणि पुढे ख्रिस्ताच्या बलिदानासही तोच लागू झाला. शब्द राहिला, कर्ता बदलला. धर्मशास्त्रात प्रायश्चित्त पापी स्वतः करतो. प्रॉटेस्टंट मराठीत ते ख्रिस्त त्याच्यासाठी करून चुकलेला असतो. व्यवहार्यतेचा, म्हणजे पंक्तीत परतण्याचा, अर्थ मात्र मागे पडला. म्हणून अजाणता घडलेल्या पापास ख्रिस्ती मनुष्य उत्तरदायी आहे काय, या प्रश्नाला मराठीत एकच उत्तर मिळत नाही. कॅथलिक विचार अटळ अज्ञानास दोषमुक्त करतो. स्कॉटिश विचार पाप मान्य करून क्षमेचा भार ख्रिस्तावर सोपवतो. दोहोंपैकी कोणताही, केवळ कृत्य घडले एवढ्यावरून, माणसास कायमचा बाहेर ठेवण्याचा आधार देत नाही. गोव्याच्या फर्मानात आणि मुंबईच्या ज्ञातीविवादात माणसे बाहेर राहिली किंवा राहण्याच्या बेतात आली, ती सिद्धांतामुळे नव्हे. सिद्धांतात असलेली दया अमलात आणण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही, किंवा ती घेणाऱ्यास एकटे पाडले गेले, म्हणून.