तुरुंगातील अंधार : जॉर्ज रॉम्नीची हॉवर्डविषयक रेखाचित्रे

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉर्ज रॉम्नी (१७३४-१८०२) हा लंडनमध्ये उच्चभ्रूंची व्यक्तिचित्रे काढणारा चित्रकार म्हणून प्रसिद्ध होता. त्याची उपजीविका या चित्रांवर चालली, तरी मनाची ओढ कथात्म चित्रणाकडे होती. तुरुंगसुधारक जॉन हॉवर्ड १७९० मध्ये खेरसोन येथे मरण पावला. त्यानंतरच्या काही वर्षांत ‘हॉवर्डची तुरुंगभेट’ या एकाच विषयावर रॉम्नीने अनेक रेखाचित्रे केली. त्यांतून पूर्ण तैलचित्र मात्र साकारले नाही.

पेन्सिलीची पुसट आखणी, लेखणीची रेषा आणि वर तपकिरी शाईचे पाणी घालून पातळ केलेले थर, अशी या चित्रांची घडण आहे. या पद्धतीत प्रकाश रंगवता येत नाही. कागद कोरा सोडूनच तो मिळवावा लागतो. काळोख तेवढा कुंचल्याने भरायचा. त्यामुळे उभा असलेला हॉवर्ड आणि जमिनीवर एकमेकांना बिलगून पडलेले कैदी यांच्यातील अंतर रेषेपेक्षा छायाच अधिक ठळकपणे सांगते.

हा काळोख केवळ रंगभूमीवरून उसना आणलेला आहे, असे मानणे बरोबर नाही. १७७३ मध्ये बेडफर्डशायरचा शेरीफ झाल्यावर, निर्दोष सुटलेली माणसेही तुरुंगाधिकाऱ्याचे शुल्क थकल्यामुळे कोठडीतच राहतात, हे हॉवर्डने पाहिले. १७७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुरुंगस्थितीवरील ग्रंथात त्याने आणखी एक कारण नोंदवले आहे. खिडक्यांवरील कर तुरुंगाधिकाऱ्याला भरावा लागे. तो वाचवण्यासाठी खिडक्या बुजवण्याचा मोह त्याला होई. म्हणजे कैद्याच्या वाट्याचा उजेड व वारा करआकारणीत अडकला होता! टायफसची साथ अशाच कोंदट कोठड्यांत फैलावत असे.

हॉवर्डच्या ग्रंथात कैद्यांची संख्या, शुल्काचे दर, भाकरीचे प्रमाण, खोल्यांची मापे आहेत. रॉम्नीच्या कागदावर यांपैकी काहीही नाही. तेथे कैदी हा वेदनेचा एक ढीग असतो, आणि सारे नाट्य भेट देणाऱ्याभोवती एकवटते. पाहणाऱ्याला हादरवण्याचे सामर्थ्य या मांडणीत निश्चित आहे. परंतु ग्रंथात मोजला गेलेला माणूस चित्रात पुन्हा गर्दीत हरवतो, ही उणीव नजरेआड करता येत नाही. स्वतः हॉवर्डला असे नायकपद रुचले नसते. हयातीतच त्याचा पुतळा उभारण्यासाठी वर्गणी जमू लागली, तेव्हा त्याने परदेशातून पत्र पाठवून ती थांबवायला लावली होती. त्याच्या मृत्यूनंतर लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये पुतळा बसलाच.